सात, अकरा, तेरा

आमच्या थानूची वरात नवरीच्या दारात पोचली तेव्हा घामानं माझ्या तोंडावरची पावडर पार वाहून गेली होती. मुहूर्त नऊ वाजून नऊ मिनिटांचा. तो चुकला की भिक्खूंचा वर्षावास सुरू, म्हणजे तीन महिने लग्नं बंद. मी पोराची सख्खी मावशी, मला धास्ती नको?

रीतीप्रमाणे वाट अडवायला चांदीची साखळी आडवी धरलेल्या पोरी पैशांची पाकिटं घेऊन खिदळत बाजूला झाल्या. पुढच्या सोन्याच्या साखळीपाशी मात्र नवरीचे आजोबा, बुनलोम गुरुजी, स्वतः उभे. जन्मभर गणित शिकवलेला माणूस. हातात पाटी! पाकिटाकडे ढुंकूनही बघितलं नाही.

“लाखाच्या वरचा एक आकडा सांग. सात, अकरा, तेरा, तिघांनीही भाग गेला पाहिजे. बाकी शून्य.”

“अहो गुरुजी, लग्न आहे की परीक्षा?” मी ओरडलेच.

“आमच्या पिमला आकड्यांचं वेड. हा तिच्याशी जेवताना बोलणार काय?”

थानूला बोटीचं इंजिन कळतं, आकडे दिसले की त्याला घाम फुटतो. घाबरून त्यानं खांबावरचा घरनंबर वाचला, “दोनशे आठ.”

संपलं! मी कपाळावर हात मारला. पण आमचे आंग थोंग गावचे ढोलवाले सकाळपासून रंगात आलेले. कुणी काही बोललं की तेच परत ओरडायचं, असं वाटभर चाललं होतं.

“दोनशे आऽऽठ!” सगळी वरात गरजली.

गुरुजींनी ऐकलं तसं लिहिलं, २०८२०८. सातानं भागलं, २९७४४. अकरानं, २७०४. तेरानं, २०८. बाकी शून्य.

“शाब्बास रे पठ्ठ्या!” साखळी खाली आली.

मुकाट्यानं आत जावं की नाही? आमचा शहाणा म्हणतो, “नाही हो आजोबा, मी एकदाच म्हणालो. दुसऱ्यांदा ही मंडळी ओरडली.”

साखळी परत वर. नऊ वाजून पाच झालेले. माझ्या तोंडात शिवीच आली.

“पण आजोबा,” थानू पाटीवर वाकला, “एवढं भागून माझाच दोनशे आठ परत कसा आला? दुसरा घेतला असता तरी आला असता?”

गुरुजींच्या हातून साखळी सुटलीच. “एवढ्या वर्षांत हे मला फक्त पिमनं विचारलं होतं,” ते म्हणाले. डोळे भरून आले होते. तिथेच पायरीवर त्याला घेऊन बसले. “सात, अकरा, तेरा यांचा गुणाकार एक हजार एक. त्यानं कुठल्याही तीन आकडी संख्येला गुण, ती स्वतःच्याच शेजारी जाऊन बसते.”

“आजोबा!” आतून नवरी ओरडली, “मलाही कुणाच्या तरी शेजारी बसायचंय! सोडा त्याला!”

वरात हसून हसून लोळायची बाकी. गुरुजींनी थानूचा हात धरला आणि त्याला पळतच आत नेलं. मी मागून रडतेय, हसतेय, काही विचारू नका.

मुहूर्तावर दोघांच्या हातांवर आशीर्वादाचं पहिलं पाणी गुरुजींनीच घातलं. घालताना थानूच्या कानाशी पुटपुटत होते. आशीर्वाद असेल म्हणून मी कान लावला.

“आता चार आकडी घेऊन बघ,” ते सांगत होते.