बादशहांची जोडी आणि मोठी घंटा

पोकर खेळताना डेलबर्टच्या हातात बादशहांची जोडी आली, की टेबलावरची मंडळी चेहरा पाडून सांत्वनाच्या तयारीला लागत. गेल्या वर्षभरात त्याचे बादशहा एकदाही जिंकले नव्हते. एक्क्यांनी हरवलं, तिर्र्यांनी हरवलं, एकदा तर खेळता खेळता डुलकी लागलेल्या गृहस्थांनी हरवलं. त्यांना जागं करून अभिनंदन करावं लागलं.

शेवटी त्याची बायको व्हर्ना, जी रोज दुपारी कॅसिनोतल्या त्याच टेबलावर त्याच्यासमोर बसून खेळे, म्हणाली, "आता पुन्हा पत्ते उघडून हरलास ना बादशहा घेऊन, तर आमच्या घंटामंडळात यायचं. मोठ्या घंटेला माणूस नाहीये."

हे मंडळ चर्चचं. सगळ्यांनी पांढरे हातमोजे घालून, ताल मोजत, एकेक घंटा हातात धरून हलवायची. मोठी घंटा भोपळ्याएवढी होती आणि ती वाजवणारा ग्लेन हर्निया होऊन घरी बसला होता. डेलबर्ट "कबूल" म्हणाला. लास व्हेगासमध्ये जन्म काढलेल्या माणसाचा पैजेला नाही म्हणायचा अवयव झिजून गेलेला असतो.

मंगळवारी हॉटडॉगचा मोठा घास घेऊन त्याने आपल्या दोन पत्त्यांचे कोपरे उचलून पाहिले, तर दोन बादशहा.

त्याच्या आधीचे चौघे तीन-तीन डॉलर टाकून आत आले होते. त्यांना हाकलायला हवं होतं. डेलबर्टने पंचवीस डॉलरची हिरवी चिप टेबलावर टाकली आणि मग तोंड उघडलं. आधी थोडा पाव बाहेर आला, त्यामागून "वाढवतो".

"चिप आधी पडली," पत्ते वाटणारी मिलाग्रोस म्हणाली. "न बोलता एकच चिप टाकली, तर तीनच डॉलर धरायचे. नियम आहे, डेलबर्ट सर."

"अगं, तोंडात घास होता!"

"घासाला नियमात सूट नाही, सर."

बावीस डॉलर परत आले. एकही जण बाहेर गेला नाही. व्हर्नाचे तीन डॉलर पाळीप्रमाणे आधीच लागलेले होते, तीही फुकटात आत राहिली.

मिलाग्रोसने मधे सगळ्यांच्या सामाईक पाच पत्त्यांपैकी पहिले तीन उघडले. नव्वी, सत्ती, दुर्री. या खेळात बोलीला मर्यादा नसते. व्हर्नाने पुढ्यातला सगळा ढीग दोन्ही हातांनी पुढे सरकवला आणि नाकातल्या नाकात प्रार्थनागीत गुणगुणू लागली.

मधल्या चौघांनी पत्ते टाकले. या बाईशी त्याचा संसार झाला होता. हात चांगला असला की ती गुणगुणते, आणि हे तर दुसरं कडवं चालू होतं.

"टाकून दे, बाबा," शेजारचा हर्शेल कुजबुजला. हा निवृत्त बसड्रायव्हर, वेळेवर ब्रेक मारण्यावर त्याची श्रद्धा. "पत्ते न उघडता टाकलेस तर हरलास असं धरायचं नाही, असंच ठरलंय ना?"

"तसंच ठरलंय," व्हर्ना म्हणाली. "टाक की. मी काय खाते का तुला?"

डेलबर्टने बादशहांकडे पाहिलं. बादशहांनीही, आपल्याला काही विचारू नये अशा बेताने, दुसरीकडे पाहिलं.

"बघतो," तो म्हणाला, आणि आपलाही ढीग पुढे ढकलला.

"अरे देवा!" हर्शेलने टोपी काढली.

व्हर्नाने पत्ते उलटले. नव्वी आणि सत्ती, म्हणजे मधल्या पत्त्यांशी मिळून दोन जोड्या. डेलबर्टकडे आपली एकच. चौथा पत्ता राणी आली, तिचा कोणालाच उपयोग नव्हता. पाचवा पत्ता आली आणखी एक दुर्री.

"बुधवारी सहा वाजता," व्हर्ना ढीग ओढत म्हणाली. "आणि ही तुझ्या डोक्यावरची टोपी घालून येऊ नकोस."

"व्हर्ना मॅडम, थांबा," मिलाग्रोस म्हणाली. "दुर्रीची जोडी झाली. ती दोघांचीही. त्यांचे बादशहा आणि दुर्र्या, तुमच्या नव्व्या आणि सत्त्या. मोठी जोडी बादशहांची, सर जिंकले."

हर्शेल किंचाळला. पलीकडच्या टेबलावरून दोघे जण बघायला धावत आले. डेलबर्ट उभा राहिला, त्याला काही सुचेना, म्हणून त्याने मिलाग्रोसशी हात मिळवला, मग हर्शेलशी, मग उरलेल्या हॉटडॉगशी. कपाळावर घाम आला होता. तो पुसायला त्याने खिशातून रुमाल ओढला.

रुमालाबरोबर पांढऱ्या हातमोज्यांची जोडी बाहेर येऊन चिपांवर पडली. कोरी करकरीत, दुकानाची चिठ्ठी अजून लोंबत होती.

व्हर्नाने चिठ्ठी वाचली. "मोठा आकार. हे कोणाचे?"

"थंडीसाठी," डेलबर्ट म्हणाला. बाहेर उन्हाने रस्ता वितळत होता.

"आणि गॅरेजमध्ये रंगाचा डबा हलवत एक-दोन-तीन कोण मोजत असतं?"

"रंग खाली बसतो. हलवावा लागतो." तो हळूच खाली बसला. "हे बघ, मी जिंकलोय. माझ्यावर सक्ती नाही."

"मुळीच नाही," व्हर्ना म्हणाली आणि मोजे नीट घडी करून त्याच्या खिशात ठेवले. "पण येणारच असशील, तर पावणेसहाला ये. ती घंटा उचलून मांडायलाच वेळ जातो."