कोरा दिसणारा कागद

रंगीत पेन्सिलीने पाऊस काढायचा, तर तो रंगाच्या आधी काढावा लागतो. बोथट सुईने कोऱ्या कागदावर दाबून रेघा ओढायच्या. कागद कोराच दिसतो. मग पेन्सिल आडवी धरून हलकेच फिरवली, की रंग त्या खाचांत उतरत नाही आणि अंधारात पांढऱ्या धारा उभ्या राहतात. दिव्याचे किरणही असेच.

चित्रकार बाईंनी आयुष्यभर हेच केलं. आता त्यांच्या नजरेच्या मधोमध डाग पडला होता, आणि तो पसरणार असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. म्हणून एक डोळा बरा होता तोवर त्यांनी शेवटच्या चित्राच्या सगळ्या रेघा ओढून घेतल्या. खिडकीबाहेरचा दिवा आणि त्याच्याभोवती तिरपा पाऊस. रंग अंदाजाने भरता येतो, रेघ नाही.

आज त्या रंगवायला बसल्या. नवरा शेजारी बसून पेन्सिलींना टोक काढून देत होता. जन्मभर त्याने शिंप्याचं दुकान चालवलं. घरी यायचा तेव्हा चित्र पुरं झालेलं असायचं. बाईंची ती बोथट सुई त्याने कधी पाहिलीच नव्हती.

"निळी द्या."

"घ्या बाईसाहेब. चुकली तर मापात बसवून देऊ."

"तुमची मापं मला माहीत आहेत. लग्नातला ब्लाउज अजून घट्टच आहे."

वरचा भाग भरत आला. बाईंनी कागद तिरपा करून डोळ्याच्या कडेने पाहिला. मग बोट फिरवलं. गुळगुळीत.

"अहो, या कागदाला काही केलंत का?"

"अगं, सांगायचंच राहिलं! केवढे वळ उठले होते त्याच्यावर. इतका जपून ठेवलेला कागद असा कसा द्यायचा तुला? ओलं फडकं घालून इस्त्री फिरवली. एक सुरकुती दाखव, शिंपी म्हणवून घेणार नाही."

बाईंचा हात कागदावरच राहिला.

"का गं? काही बिघडलं का?"

"नाही. छान सपाट झालाय."

"मग पाऊस कधी येणार?"

"येईल. काळी द्या."

दिव्यापुरती जागा तरी मोकळी सोडायची होती. पण खाचांशिवाय ती नेमकी कुठे, हे बोटाला सापडेना. त्याने टोक काढून पेन्सिल पुढे केली. बाईंनी ती घेतली आणि कागद कडेपर्यंत भरत नेला.