वेगळा डबा

दाणा इतरांहून जरा जाड, दोन्ही टोकांना बोथट, रंगाने खडूसारखा... विनिताने तो बोटाने ताटाच्या कडेला सारला. पलीकडचे तीन दाणे सोडून पुन्हा तसलाच. मग आणखी एक. रेशनच्या तांदळात असा दाणा शंभरात एखादा असतो—तांदळाच्या पिठात लोह मिसळून यंत्रातून पाडलेला. रसायनशास्त्र शिकलेल्या विनितानेच हे घरात समजावून सांगितलं होतं. आणि आज तिच्या भातात चारांत एक?

मोहने गावातल्या त्यांच्या चाळीत मात्र सगळे हे दाणे प्लास्टिकचेच समजत. शेजारची मालू शपथेवर सांगायची, "अगं, त्या भाताचा लाडू वळून आपटला ना, टप्पा घेतो टप्पा!" सासूबाई, विमलाबाई, महिन्याचं रेशन आलं की सूप घेऊन दारात बसत आणि तसले दाणे वेचून वाटीत टाकत.

"आई, नका ना काढू. त्यातच तर ताकद असते."

"फुकटच्या तांदळात ताकद? मग घाल तुझ्या पोटात."

हसून म्हणाल्या होत्या. की नव्हत्या हसल्या? विनिताला पाचवा महिना, हिमोग्लोबिन साडेआठ. तपासणीला गेलं की डॉक्टरीणबाई ओरडायच्या. नवऱ्याची, साईनाथची, कंपनी बंद पडल्यापासून किराणा दुकानातला तांदूळ घरात आलाच नव्हता—पोटातल्या जिवाला जे काही मिळायचं ते याच तांदळातून.

आणि परवापासून कुकरमध्ये तिचा भात वेगळ्या डब्यात लागत होता. "तुला मऊ बरा," सासूबाई म्हणाल्या. मऊ भात तिने कधी मागितला होता? साईनाथच्या ताटातला भात कसा एकसारखा, लखलखीत...

"आई, ते वेचलेले दाणे कुठे टाकता हो?"

विमलाबाईंनी तिच्या भातावर आमटी वाढली. "टाकते कशाला? तूच म्हणालीस ना, ताकद असते."

"मग तुम्ही दोघं का नाही खात?"

"आम्हाला काय धाड भरलीय?"

साईनाथ खाली मान घालून जेवत राहिला. त्याला ठाऊक होतं? ही माया म्हणायची, की मुलाच्या ताटातली भीती सुनेच्या ताटात लोटणं—की सासूबाईंनाच ते नीट माहीत नव्हतं? शंभरात एक हे प्रमाण कुणीतरी विचार करून ठरवलेलं असणार. चारांत एक झालं तर लोह किती होईल... तिने मनात गुणाकार मांडला आणि मध्येच सोडून दिला. कारण एक जुनी खात्री कुठेतरी सुटत चालली होती. या दाण्यांची तपासणी तिने स्वतः कधी केली होती? पोत्यावर 'लोहयुक्त' छापलं होतं, ते तिने मानलं—आणि मानणं सोपं होतं, सगळे एकाच पातेल्यातलं खात होते तोवर.

"जेव ना, गार होतंय," विमलाबाई म्हणाल्या. विनिताच्या हाताकडे बघत.

विनिताने घास घेतला. चावला. आणि तिच्या नकळत जीभ एकेक दाणा चाचपू लागली—चिवट लागतोय का ते पाहायला.