क्रूसापासून बारा पावलं

राजधान्यांचा इतिहास राजे घडवतात, पण मानवजातीचा खरा इतिहास गल्ल्यांच्या पोटात मुरतो, आणि वसई गावातली आमची रहाट आळी हे त्या इतिहासाचं एक आद्य पीठ आहे. हे वाक्य माझंच. आळीची लांबी त्रेसष्ट पावलं. गुडघा दुखत असेल त्या दिवशी सत्तर.

एका टोकाला पांढरा क्रूस, दुसऱ्या टोकाला पिंपळ, मध्ये अकरा घरं, तीन मांजरं, आणि आळीतल्या एकुलत्या एका सपाट जागेवर माझी स्कूटर, जी लॉकडाऊनच्या आधीपासून सुरू झालेली नाही. रहाट मात्र नाही. विहीर नाही. मग नाव कुठून आलं, हे आमच्यासारख्या मागून आलेल्यांना ठाऊक नव्हतं, आणि जुन्यांना विचारायचं कुणाला सुचलं नाही, म्हणून आठ वर्षांपूर्वी आळीच्या शतकमहोत्सवात इतिहास लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. शंभर वर्षं कुणी मोजली, असं विचारू नका. एका लग्नाचा मांडव दोन दिवस जास्त उभा राहिला होता. तो फुकट जाऊ नये एवढाच त्या महोत्सवाचा पाया.

मी वर्तमानपत्रात चाळीस वर्षं विनोदी सदर लिहून निवृत्त झालेला माणूस. मला इतिहास लिहायला सांगणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं. मी लिहिलं, की एका पोर्तुगीज कप्तानाने सुके बोंबील खाल्ले, त्याला अनावर तहान लागली, आणि त्याने क्रूसापासून बरोबर बारा पावलांवर तलवारीने विहीर खणली. पुस्तिका छापली, घरोघर वाटली, लोक हसले. निदान मला तसं वाटलं.

त्या पुस्तिकेत खरी गोष्ट एकच होती, तीही मी शेवटच्या पानावर कोपऱ्यात टाकली होती. दुपारी तीन वाजता, माणसं जेवून आडवी झाली, की आळीत रहाट वाजतो. कर्र… थांबून कर्र… रेडा गोल फिरतोय, पोहरे भरतायत, रिकामे होतायत, दोर ओला होऊन जड होतोय. प्रत्येकाला ऐकू येतो, पण डोळे मिटलेले असतानाच. उघडले की पंखा. आमच्या हिच्या, म्हणजे वसुंधराच्या, मते ते माझं घोरणं आहे. पण मी माहिमला मुलाकडे गेलो होतो, तेव्हाही तिने ऐकला होता.

तर गेल्या जानेवारीतल्या एका मंगळवारी समोरच्या घरातली बेटीबाय ती पुस्तिका छातीशी धरून आमच्या पायरीवर आली. वय चौऱ्याऐंशी. मागून तिची नात क्रिस्टीना, जॅक्सनशी लग्नाला चार दिवस राहिलेली.

"जयवंत, हायस ना घरात?"

"असतील कुठे?" वसुंधरा आतून म्हणाली. "निवृत्त झाल्यापासून तेवढं एकच काम करतात."

"तुझ्या बुकात लिवलंय, विहीर क्रूसापासून बारा पावलांवर," बेटीबाय म्हणाली. "शुक्रवारी हिचं पानी आनायचं हाय. माझा व्हिन्सेंट उद्या खनायला घेतोय. पावलं तुझी धरायची का माझी, तेवढं सांग."

लग्नाच्या आदल्या दिवशी बँड लावून विहिरीवर जायचं, पाणी आणायचं आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालायचं, ही इथली जुनी रीत. हल्ली नायगावच्या टॉवरमध्ये एकविसाव्या मजल्यावरून बँडसकट खाली येतात आणि टाकीच्या नळाखाली कळशी धरतात. ढोलवाला दुसऱ्या लिफ्टने येतो.

"बेटीबाय, टाकीचं पाणी काय वाईट?" मी म्हणालो.

"मी पण तेच बोलले ना अंकल," क्रिस्टीना म्हणाली. "जॅक्सनच्या सिस्टरचं पण टाकीचंच होतं. आजी ऐकतच नाय."

"तू गप. विसाव्या वर्षी आले मी या आळीत. बारा वर्षं पानी शेंदलं. हिचा बाप पाळन्यात होता, तेव्हा नळ आला नि विहिरीवर फरश्या टाकल्या. ते पानी एकदा हिच्या अंगावर पडू दे, मग मी मेले तरी चालंल."

"अहो, मग तुम्हाला जागा ठाऊकच असणार!" मी म्हणालो.

बेटीबायने पुस्तिकेकडे पाहिलं.

"मला दुसरीकडं आठवायची," ती हळूच म्हणाली. "मग तुझं बुक आलं. छापलेलं कसं चुकंल? तवा म्हटलं, बेटी, तुझं डोकं गेलं."

त्या दोघी गेल्यावर वसुंधरा कोथिंबीर निवडायला बसली. मग म्हणाली, "क्रूसापाशी संध्याकाळची रोझरी आधी बेटीबाय चालवायच्या. आठ वर्षं झाली, मागे बसून नुसतं आमेन म्हणतात. प्रार्थना चुकेल म्हणतात. मला वाटायचं, वय झालं."

मलाही तसंच वाटायचं. त्याच वेळी जाऊन सांगायला हवं होतं. पण चाळीस वर्षं खोटं लिहून खरं सांगायची सवय. खरं बोलून खरं सांगायचा सराव नव्हता.

बुधवारी क्रूसापासून बारा पावलं मोजली. माझीच. ती थेट व्हिन्सेंटच्या अंगणात, लग्नासाठी मुद्दाम बसवलेल्या नव्या लाद्यांवर जाऊन थांबली. मी एखादं पाऊल आखडतं घेऊन पाहिलं, पण तिथेही लादीच होती. व्हिन्सेंट शाळेत भूगोल शिकवतो. त्याने पहार उचलली, आईकडे पाहिलं, आणि हाणली. दोन तासांत निघालं ते असं: लाद्या, माती, एक ॲल्युमिनियमचा पेला, वाळू, आणखी वाळू. बेटीबाय प्लास्टिकच्या खुर्चीत बसून होती. दर टोपलीला ती थोडी लहान होत गेल्यासारखी दिसत होती.

"आई, नसेल इथे," व्हिन्सेंट म्हणाला.

"असंल रे. बुकात हाय."

तीन वाजले. ऊन दुधावरच्या सायीसारखं दाटून आलं. खड्ड्याभोवती उभे असलेले सगळे जागच्या जागी पेंगू लागले, पहारीवर टेकलेला व्हिन्सेंटही. आणि रहाट सुरू झाला. कर्र… कर्र… मी डोळे मिटले नव्हते, तरी ऐकू येत होता.

"बेटीबाय, विहीर इथे नाही," मी म्हणालो. "ती मी बनवली. कप्तान, तलवार, बोंबील, सगळं."

"बारा पावलं पन?"

"ती पण. तेरा अशुभ म्हणून बारा."

व्हिन्सेंटने लाद्यांच्या ढिगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काका, काल संध्याकाळी सांगितलं असतंत तर…" एवढंच म्हणून तो खड्ड्यातून वर आला. शिक्षक माणूस, वर्गाबाहेर फार बोलत नाही.

"म्हंजे माझं डोकं गेलं नव्हतं?" बेटीबायने विचारलं.

"नाही."

"आठ वर्षं?"

"आठही वर्षं."

ती उठली. मला वाटलं, आता चप्पल. चप्पल काढलीच तिने, पण खुर्चीखाली सारून ठेवली आणि अनवाणी आपल्या दाराशी गेली. उंबऱ्याकडे पाठ केली, डोळे मिटले, डाव्या कमरेवर नसलेली कळशी टेकवली आणि चालू लागली. पावलं मोजत नव्हती. "नमो मरिया…" खणखणीत आवाजात तिने सुरुवात केली. विहिरीचं अंतर तिच्याकडे प्रार्थनेत होतं.

एक नमो मरिया संपली, तशी दारादारांतून, खिडक्यांतून, पेंगणाऱ्या माणसांनी सवयीने उत्तर दिलं. दुसरी सुरू झाली. मी शपथेवर सांगत नाही, माझ्या शपथेला किंमत उरलेली नाही, पण तेव्हा आळी त्रेसष्ट पावलांची नव्हती. भिंती थोड्या बाजूला झाल्या होत्या. ओल्या काथ्याचा वास येत होता. बेटीबायची पाठ सरळ झाली होती, आणि एका ठिकाणी ती वाट देण्यासाठी थांबली, मला वाटतं, रेड्याला. क्रिस्टीना मोबाइल खाली करून आजीच्या मागे, तिच्याच पावलांवर पाऊल ठेवत चालली होती.

तिसऱ्या नमो मरियाच्या मध्यात बेटीबाय थांबली. टाच जमिनीवर आपटली. डोळे उघडले. रहाट बंद झाला.

व्हिन्सेंटने वाकून पहारीचं टोक फरशीवर ठोकलं. खालून पोकळ, गार, खोल आवाज आला, आणि तो विरायला बराच वेळ लागला.

"गावलं," बेटीबाय म्हणाली. तिला विहीर म्हणायचं होतं असं मला वाटत नाही. ती क्रिस्टीनाकडे वळली. "आज रोझरी मी सांगनार. आळीत सगळ्यांना सांग."

मी पुढे झालो. आठ वर्षांची माफी मागायची, तर वाक्यही तेवढंच भारदस्त हवं, म्हणून ते मनात जुळवून ठेवलं होतं. "बेटीबाय," मी म्हणालो, "इतिहासाने तुमच्यावर जो अन्याय…"

"ते मागनं लिव," तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आधी ही तुझी स्कूटर काढ इथनं."