फुसाएबाईंच्या चटया

योकोहामाच्या टेकडीवरचं फुसाएबाईंचं घर युद्ध हरल्यावर सरकारने एका अमेरिकन कॅप्टनला राहायला दिलं आणि त्या स्वतः सुनेला घेऊन मागच्या खोलीत आल्या. तेवढं त्यांनी गिळलं. पण कॅप्टनची बायको टाचांचे बूट घालून तातामीच्या गवती चटयांवर खुशाल फिरायची. तिच्यासाठी दारात सपाता ठेवल्या, तर तिने त्या शोभेला भिंतीवर टांगल्या. सून मिचियोला इंग्रजी यायचं, पण सासूचं बोलणं ती साखर पेरूनच पोचवायची.

वर्षाच्या साफसफाईला सगळ्या गल्लीने चटया उन्हात काढून झोडपल्या. संध्याकाळी ज्याच्या त्याच्या घरात गेल्या. फुसाएबाईंनी मात्र पुढच्या घरातल्या चटया आपल्या मागच्या खोलीत रचल्या.

"अहो आई, इथूनही हाकलतील आपल्याला."

"हाकलू देत. चटया घेऊन जाईन."

चटयांखालच्या, आता उघड्या पडलेल्या फळ्यांवर बूट वाजवत कॅप्टनची बायको आली. चटया कुठे गेल्या, असं तिने मिचियोला विचारलं.

"सांग तिला," फुसाएबाई म्हणाल्या, "बूट घालून फिरतात तो रस्ता. रस्त्यावर चटया अंथरायची आमच्यात पद्धत नाही."

मिचियोने त्या बुटांकडे पाहिलं आणि या खेपेला शब्दन् शब्द तसाच सांगितला.