बुटाच्या खोक्यातली खोली

कोर्टानं बापलेकीला दर शनिवारी एकत्र वेळ घालवायला सांगितलं होतं. पण तो कसा घालवायचा हे त्यांचं त्यांना ठरवता येईल एवढा विश्वास कोर्टाचा कुणावरच नसल्यामुळे त्यासाठी एक खोली, एक बाई आणि एक डिंकाची बाटली नेमून दिली होती.

खोली सल्ला केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर होती. भिंतीवर जिराफ चिकटवलेला होता. त्याचं डोकं कुणीतरी नखांनी खरवडून नेलं होतं, त्यामुळे तो आता नुसताच उंच होता. मधोमध बुटकं टेबल आणि भोवती बुटक्या खुर्च्या. त्या खुर्चीत बसलं की कुठल्याही बापाचे गुडघे हनुवटीला लागत आणि तो आपोआप दोषी दिसू लागे. कपाटात पुठ्ठे, लोकर, टिकल्या, आईस्क्रीमच्या काड्या आणि बुटांचे रिकामे खोके. कात्री एकच, बोथट, आणि तीही टेबलाच्या पायाला सुतळीनं बांधलेली. इथं येणाऱ्या जोडप्यांचा इतिहास पाहता यात शहाणपण होतं.

एक पुस्तकही होतं, मोठ्यांनी आणि लहानांनी मिळून करायच्या वस्तूंचं. त्यातल्या प्रत्येक चित्रात आई, बाप आणि मूल एकाच पुठ्ठ्याकडे बघून हसत होते. पुठ्ठ्याकडे बघून एवढं हसणारं कुटुंब त्या खोलीत अजून आलेलं नव्हतं.

केंद्रातल्या बाई प्रत्येक पुरुषाला ‘बाबा’ आणि प्रत्येक स्त्रीला ‘आई’ म्हणत. नावं लक्षात ठेवण्यापेक्षा ते सोपं पडे. माणूस तोंडानं काहीही बोलतो, पण हाताला डिंक लागला की खरं काय ते दिसतं, अशी त्यांची श्रद्धा होती. नियम एकच होता. मुलानं मागितल्याशिवाय मुलाच्या कामाला मोठ्यांनी हात लावायचा नाही.

हा नियम कुठल्याही बापाला अवघड होता. या बापाला तर श्वास घेऊ नका म्हटल्यासारखा होता.

कारण हा बाप मॉडेल करणारा होता. बिल्डरच्या ऑफिसात काचेच्या पेटीत उभी असते ना, ती इमारत. स्पंजची झाडं, काडीपेक्षा बारीक कठडे, आणि कुठंच न जाणारी, तांदळाएवढी आनंदी माणसं. त्याच्या पेट्या बघून लोकांनी घरं घेतली. खऱ्या इमारती पुढं गळल्या, कलल्या, काही तर पायाच्या वर आल्याच नाहीत. मॉडेलमध्ये मात्र कुणाला खोट काढता आली नाही. त्याच्या मेव्हण्यानं लग्नातच त्याचं नाव ‘मिलीमीटर’ पाडलं होतं, हार घालताना त्यानं हाराची दोन्ही टोकं समान करून घेतली तेव्हा.

घरात भांडण असं कधी झालंच नाही. बायको टेबलावर कप ठेवायची, तो कपाचा कान उजवीकडे फिरवायचा. ती काही म्हणायची नाही, तोही काही म्हणायचा नाही. अशी बरीच वर्षं गेली आणि एके दिवशी तिनं कप ठेवला, लेकीला उचललं आणि भावाकडे निघून गेली. कोर्टात कारण सांगताना तिच्या वकिलाला घाम फुटला. दारू नाही, मारहाण नाही, बाहेर कुणी नाही. ‘मग करतात तरी काय?’ कोर्टानं विचारलं. ‘नीटनेटकं करतात,’ वकील म्हणाला. कोर्टात हशा पिकला. बायको सोडून सगळे हसले.

आता प्रश्न एवढाच होता की लेकीनं शनिवारची रात्र बापाच्या घरी काढावी की नाही. बाई हो म्हणाल्या, तर ती राहायला जाणार. नाही म्हणाल्या, तर बाप तिला याच खोलीत भेटत राहणार, ती त्या खुर्चीत मावेनाशी होईपर्यंत. त्याच्या स्वतःच्या वकिलानं त्याला कळकळीनं सांगितलं होतं, “साहेब, तुम्ही काही म्हणजे काही करू नका. हात मांडीखाली घालून बसा. तुमचा हात बाहेर आला की आपण मेलो.”

बाप तसाच बसत आला होता. लेकीचं घरातलं नाव भिंगरी, आणि ती कामही त्याच पद्धतीनं करायची. तिनं पुठ्ठ्याचा मासा केला, त्याचे दोन्ही डोळे एकाच बाजूला. बाप गप्प. तिनं लोकरीचा सिंह केला, त्याची आयाळ शेपटीकडे. बापाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण तो गप्प. बाई खूश होत्या. “बाबा, प्रगती आहे हं,” त्या म्हणाल्या होत्या. आज त्या ठरवणार होत्या.

मेव्हणा भाचीला घेऊन आला. कोर्टात तारीख असली की तो बापाला ‘समोरची पार्टी’ म्हणे, एरवी ‘भावोजी’.

“घ्या भावोजी. अख्खी आणलीय, मोजून घ्या.” त्यानं भिंगरीची पाण्याची बाटली टेबलावर ठेवली, मुद्दाम आडवी. “मी खाली टपरीवर आहे. काही लागलं तर हाक मारा. नाही लागलं तर उत्तम.”

बाटली आडवीच राहिली. बापानं ती आडवी राहू दिली. बाईंनी ते पाहिलं.

“बाबा, आज आपण खोली करू,” भिंगरी बुटाचा खोका ओढत म्हणाली. “तुझ्याकडची. मी झोपणार ना, ती.”

ती खोली त्यानं घरी केव्हाच तयार केली होती. रंग दिला होता, खिडकीशी पलंग लावला होता, पुस्तकांच्या उंचीप्रमाणे फळ्या ठोकल्या होत्या. “कर की. मी काय करू?”

“तू खोका धर.”

त्यानं खोका धरला. तिनं बोथट कात्रीनं एका बाजूला दार कापलं. वर रुंद, खाली अरुंद, आणि बिजागरीच्या जागी कसाबसा अडकलेला पुठ्ठा. दार आतल्या बाजूला उघडत होतं. खिडकी तिनं कापली नाही, पेनानं काढली आणि म्हणाली, “ही बंद आहे. थंडी येते.” मग आईस्क्रीमच्या काड्यांचं कपाट झालं. त्याला कप्पे नव्हते. “सगळं आत कोंबायचं,” तिनं खुलासा केला. बापानं मान हलवली. कपाळावर घाम होता.

“बाबा, गरम होतंय का तुला?”

“नाही, नाही. छान चाललंय.”

“मग असा का बसलायस? शाळेत फोटो काढतात तसा?”

बाई कोपऱ्यात हसल्या. बापही हसला. खरंच, चाललं होतं छान. त्या पुस्तकातल्या चित्रात बसतील इतके ते दोघं जवळ आले होते.

शेवटी पलंग. रिकाम्या काडेपेटीला तिनं निळं कापड गुंडाळलं, कापसाची उशी केली आणि खाली भरपूर डिंक ओतून पलंग खोलीत चिकटवला. नेमका दाराला टेकवून.

“इथं?” बापाच्या तोंडून निसटलं.

“इथंच.” तिनं वरून अंगठा दाबला. डिंक चारी बाजूंनी बाहेर आला, तिच्या मनगटापर्यंत गेला, आणि बाई तिला हात धुवायला घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, “बाबा, आलोच आम्ही.”

आता हे समजून घेतलं पाहिजे की त्या माणसाच्या मनात काहीही वाईट नव्हतं. त्यानं दार बोटानं ढकलून पाहिलं. ते पलंगाला अडलं. त्याच्या धंद्यात ही चूक म्हणजे चूक नव्हे, अपराध. दार उघडत नसलेली खोली दाखवली तर गिऱ्हाईक पेटीसमोरूनच परत जातं. लेक आता येईल, सगळ्यांना खोली दाखवेल, दार उघडायला जाईल आणि ते उघडणार नाही. तिचा केवढा विरस होईल! डिंक अजून ओला होता. ओला डिंक वाट बघत नाही.

हात मांडीखालून बाहेर आला. त्यानं पलंग अलगद सोडवला, खिडकीच्या भिंतीला लावला, काटकोनात. खाली सांडलेला डिंक रुमालानं टिपला. कापडाची चुणी दिसली, ती काढली. मग दाराचं वरचं टोक नखानं जरा दाबलं. एवढंच. दार आता पूर्ण उघडत होतं. त्यानं दोनदा उघडून पाहिलं आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्याला बरं वाटलं.

भिंगरी परत आली. तिनं खोक्यात पाहिलं. ती रडेल असं बाईंना वाटलं, म्हणून त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती रडली नाही.

“अगं, दार अडत होतं,” बाप घाईघाईनं म्हणाला. “बघ आता. उघडून बघ ना.”

तिनं बघितलं नाही. पाण्याची बाटली उचलली, दोन घोट घेतले, झाकण लावलं. “झालं माझं,” ती बाईंना म्हणाली. “मामाला बोलवा.”

“अजून वेळ आहे, राणी,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कामाचा झाला होता. “पलंग दारापाशी का लावला होतास तू?”

“दार उघडू नये म्हणून.”

“कुणी उघडू नये?”

भिंगरीनं बापाकडे पाहिलं. चहाडी करावी की नाही याचा ती विचार करत होती, आणि बाप तिच्याकडे बघत होता; त्याला खरोखरच उत्तर माहीत नव्हतं.

“बाबा रात्री येतो,” ती म्हणाली.

बाईंनी खुर्ची पुढं ओढली. “येतो आणि?”

“मी वाकडी झोपते. तो येऊन पाय सरळ करतो. मग हात. मग उशी. मग चादर पायाशी खोचतो, घट्ट. मला जाग येते, पण मी डोळे उघडत नाही. तो गेला की मी परत वाकडी होते. मग तो परत येतो.” ती थोडी थांबली. “सारखा येतो. मला झोपच येत नाही मग.”

बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि लगेच त्यांना कळलं की यात सुटण्यासारखं फारसं काही नाही.

“अगं, तुझी मान अवघडेल म्हणून...” बाप म्हणाला.

“नाही अवघडत.”

“सकाळी दुखली असती.”

“नाही दुखत, बाबा. आता मी मामाकडे वाकडीच झोपते. कुठं दुखतंय?”

बाईंनी त्याला दाराशी बोलावून हळू आवाजात सांगितलं, “बाबा, रात्री राहण्याचं एवढ्यात नको. मी कोर्टाला तसंच कळवणार आहे. शनिवार चालू ठेवू आपण.”

“मी फक्त पलंग सरकवला, मॅडम.”

“हो. पाहिलं मी.”

“डिंक ओला होता. वाळला असता तर मी हात लावला नसता. देवाशपथ.”

“लावला असता, बाबा,” बाई म्हणाल्या. त्या रागानं म्हणाल्या असत्या तर त्याला भांडता आलं असतं.

तो परत येऊन बुटक्या खुर्चीत बसला. खोका मध्ये होता, देखणा, एखाद्या लहान बिल्डरला विकता येईल असा. मग त्यानं विचारलं, “कशी झोपतेस गं तू? तिकडे?”

“कशी म्हणजे? अशी.”

ती जमिनीवरच्या चटईवर गेली आणि तिनं दाखवलं. एक पाय पोटाशी, दुसरा चटईबाहेर फरशीवर. एक हात पाठीखाली दबलेला, दुसरा डोक्यावरून पलीकडे, बस थांबवल्यासारखा. फ्रॉक कमरेशी गोळा. एक पायमोजा गुडघ्यापर्यंत, दुसरा टाचेखाली उतरलेला. मान तर अशी, की त्याच्या आनंदी, तांदळाएवढ्या माणसांपैकी कुणाची तशी झाली असती तर त्यानं तो फेकून दुसरा लावला असता.

“अशी,” ती म्हणाली आणि तिनं डोळे मिटले. पूर्ण नाही. पापण्या थरथरत होत्या. ती बघत होती.

त्यानं दोन्ही हात मांडीखाली सारले आणि त्यावर आपलं सगळं वजन टाकलं. उतरलेला पायमोजा त्याला दिसत होता. तो दुसरीकडे बघू लागला, तर समोर बिनडोक्याचा जिराफ. मग त्यानं पायमोज्याकडेच बघायचं ठरवलं. कोपऱ्यात बाई हललेल्या नव्हत्या. खालून टपरीवरच्या भांड्यांचा आवाज येत होता. त्याच्या बोटांना मुंग्या आल्या, मग बोटं बधिर झाली, आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की पापण्या आता थरथरत नाहीत. तोंड किंचित उघडं पडलं होतं. भिंगरी झोपली होती. सोंग नाही, खरी झोपली होती, त्याच्यासमोर.

त्यानं बाईंकडे पाहिलं. बाईंनीही पाहिलं होतं. त्यांनी हळूच मान नकारार्थी हलवली. म्हणजे ठरलं ते ठरलं.

मेव्हणा जिना वाजवत वर आला. “काय हे भावोजी, झोपवलीत? आता ही रात्रभर नाचणार आणि जागायचं आम्ही. तुमचं बरंय बुवा.” तो वाकला, त्यानं भिंगरीला खांद्यावर न घेता आडवी उचलली, बाजारातून चटई आणावी तशी. बाटली बगलेत मारली. “खोका न्यायचाय का हा?”

“नको,” बाई म्हणाल्या. “इथं राहू दे.”

दारातून बाहेर पडताना भिंगरीचं डोकं मामाच्या दंडावरून खाली लोंबत होतं. मान मागं पडली होती, पार मागं, आणि मामा एकेक पायरी उतरू लागला तसं ते डोकं हलत होतं.

“मान...” बाप म्हणाला. तो उभा राहिला होता. त्याचे पाय आखडले होते, म्हणून त्यानं दाराची चौकट धरली.

मेव्हणा पायरीवर थांबला. “काय?”

“काही नाही.”

“बोला की.”

“काही नाही. सावकाश जा.”