गच्चीवरचे गोड टोमॅटो

घोडबंदर रोडवरच्या त्या टॉवरमध्ये औषधालाही माती नव्हती, म्हणून विनीतने टोमॅटो मातीशिवायच लावले. गच्चीवर नारळाच्या भुशाच्या साठ पिशव्या, प्रत्येकीत एक नळी, नळीतून दिवसातून आठ वेळा खत कालवलेलं पाणी. सेक्रेटरी बाबुरावांनी परवानगी दिली ती अट घालून. "पुढच्या सभेत बाजारापेक्षा गोड टोमॅटो खायला घाला, नाहीतर गच्ची रिकामी करा." ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका निस्तरणाऱ्या विनीतला आपलं म्हणावं असं जगात एवढंच होतं. गच्ची गेली असती तर तो खरोखर रडला असता.

गोडीचं शास्त्र त्याला तोंडपाठ होतं. झाडाला जरा तहानलेलं ठेवायचं, खत कडक द्यायचं. फळं लहान आणि कमी येतात, पण साखर उतरते. फळ धरताच त्याने पाणी निम्म्यावर आणलं. दोन दिवस रोपांनी माना टाकल्या आणि मग एकदम तरारली. त्याने पाणी पाववर आणलं. टोमॅटो मुठीएवढे झाले!

दुसऱ्या कुणाला शंका आली असती, विनीतला गर्व झाला. "माझ्या पद्धतीत गोडीही मिळते आणि वजनही," असं तो लिफ्टमध्ये भेटेल त्याला ऐकवू लागला.

"अरे, एक तोडून चाख तरी," बायको रसिका म्हणाली.

"मधेच चाखून प्रयोग होत नसतात."

सभेत पहिला टोमॅटो कापला आणि पाण्याची पिचकारी बाबुरावांच्या सदऱ्यावर उडाली. गोडी मोजायच्या यंत्राने बाजारच्या टोमॅटोला पाच दिले, विनीतच्या टोमॅटोला तीन.

"एवढ्याशा पाण्यात हे होईलच कसं?" विनीत रडकुंडीला आला.

"एवढंसं कुठे?" चौथ्या मजल्यावरच्या मालनताई म्हणाल्या. "मागे एकदा मी बघितलेलं, पानं पार लोंबलेली. तेव्हापासून सूर्याला अर्घ्य देते ते तुमच्याच पिशवीत. बाल्कनीतून पाणी सांडायचं नाही, अशी नोटीस आहे ना!"

"अय्या, तुम्हीपण?" मागून कुणीतरी म्हणालं. मग एकेक जण कबुली देत गेला. रोजचे तेवीस तांबे निघाले, त्यातले दोन नोटीस लावणाऱ्या बाबुरावांचे. आपण एकटेच पुण्य करतोय, असं प्रत्येकाला वाटत होतं.

"अहो, साध्या पाण्याने खत धुऊन गेलं! झाडं नुसती पाण्याने फुगलीत. मी त्यांना मुद्दाम तहानलेलं ठेवत होतो!"



"मुद्दाम?" मालनताईंनी विचारलं.

बाबुरावांनी तिथल्या तिथे ठराव लिहिला. बाग राहील, पाणी सभासद घालतील आणि विनीत यांना गच्चीवर जायला मनाई राहील. विनीत सोडून सगळ्यांनी हात वर केले. रसिकानेही.